इंजिनातली नीळ

८ जानेवारी, रविवार

ही वही गाडीसाठी आहे, मनासाठी नाही. मुलीने टोरांटोहून नाताळात पाठवली. "पपा, रोज थोडं लिहा, ब्लडप्रेशर उतरेल," म्हणाली. मी म्हटलं, लिहिण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती बंदरातून अजून यायची आहे. आज ती आली.

चार दारं, रुपेरी रंग, मागे छोटासा पंख आणि बॉनेटखाली दोन लिटरचं टर्बो इंजिन. लांबून बघणाऱ्याला हेडमास्तरांची गाडी वाटावी. पाय दाबला की मग कळतं. जपानमध्ये कुणीतरी दहा वर्षं जपून वापरलेली. काचेवर त्यांच्या लिपीतली चिकटपट्टी अजून आहे आणि मी ती काढणार नाही. किल्ली फिरवली की आतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी बोलते. माझं स्वागतच करत असणार. रुकमिनने तिला लगेच "सवतबाई" असं नाव ठेवलं. बायको आहे, जळायचीच.

अंगणात दर पूजेनंतर रोवतो त्या बांबूच्या झेंड्यांपाशी पंडितजींनी पूजा केली. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला, परसाद वाटला. सगळी गल्ली कुंपणाला लोंबकळून बघत होती. अख्ख्या पेनाल गावात अशी दुसरी गाडी नाही हे मी म्हणत नाही, त्यांचे डोळेच म्हणत होते. फार बरं वाटलं. मग जरा भीतीही वाटली. एवढ्या डोळ्यांनी पपईचं झाड उभं वाळतं, तिथे गाडीची काय कथा.

१५ जानेवारी, रविवार

आजपासून देखभाल सुरू. गाडी मराबेलाला कर्टिसच्या गॅरेजमध्ये नेली. कर्टिस माझा शाळेतला मित्र. उंच माणूस, खांदे दरवाज्याएवढे, पन्नाशीला टेकला तरी लग्न नाही. जपानी गाड्यांत त्याचा हात धरणारा आमच्या बेटाच्या दक्षिण भागात कुणी नाही. त्याने तेल, फिल्टर, पाण्याचा पंप, ब्रेकचे पॅड अशी यादीच सांगितली.

"पण सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट," तो म्हणाला. "नवरा बायकोशिवाय दिवस काढेल. हे इंजिन बेल्टशिवाय क्षणभर टिकायचं नाही."

रुकमिनला बटणं आणायला सॅन फर्नांडोला जायचं होतं म्हणून बरोबर होती. ती घरी लग्नाचे कपडे शिवते. सावलीत उभी होती. मी गाडी आत घेताना म्हणाली, "मागचं डावं चाक काहीतरी गुणगुणतंय."

कर्टिसने चाक उचलून फिरवलं, कान लावला. बेअरिंग गेलेलं. आठवडाभर ती गाडी मी चालवतोय. पण मी रेडिओ लावलेला असतो, ऐकू येणार कसं?

"तुम्हाला कसं कळलं, मिस रुकमिन?" त्याने विचारलं. इथे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. मग मी त्याला तो किस्सा सांगितला, जो मी लग्नापासून सगळ्यांना सांगतो. हिचा बाप इथल्याच बॅरकपोर गावी उसाचा ट्रक चालवायचा. रम जास्त झाली की बारा वर्षांच्या हिला उशीवर बसवून ट्रक हिच्या हवाली करायचा. लोक पोट धरून हसतात. कर्टिस हसला नाही.

"जुना ट्रक? प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबायचा तो?"

"नाहीतर गिअर दात खायचा," ती म्हणाली, आणि मग दोघं त्या ट्रकवरच बोलत बसली. मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. गाडी कुणाची आहे, असा प्रश्न पडावा.

२८ जानेवारी, शनिवार

नव्या स्प्रिंगा बसल्या. गाडी चार बोटं खाली आली आणि वळणावर झुकायची थांबली. सायलेन्सरही मोठा घातला. आता गल्लीत शिरलो की कुत्री आधी उठतात, मग माणसं.

पण एक गोष्ट खटकली ती लिहितो. गुरुवारी माझी कारखान्यात पाळी होती. कर्टिसला लॅपटॉप जोडून इंजिन जुळवायचं होतं, त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी गाडी चालवायला हवी. तर रुकमिन चालवायला गेली. उसाच्या जुन्या शेतांतल्या सरळ रस्त्यावर ती स्टिअरिंगवर आणि तो शेजारी. मला आज कळलं, तेही त्याच्या तोंडून.

"हॅरी, तुझ्या बायकोच्या पायात कान आहेत," तो म्हणाला. "मी सांगायच्या आधी पाय उचलते. दिवसभर शिलाईच्या पेडलवर असतो म्हणून असेल, पण असा पाय मी पाहिला नाही."

माझ्या बायकोच्या पायाबद्दल बोलणारा हा कोण? हे मी त्याला विचारलं नाही. इथे लिहिलं.

५ फेब्रुवारी, रविवार

कर्टिस जेवायला आला होता. मीच बोलावलं होतं, स्प्रिंगांचं काम मनापासून केलं म्हणून. दालपुरी आणि कैरीची मसालेदार भाजी होती. कैरीची कोय रुकमिन नेहमी मला वाढते. आज तिने ती कर्टिसला वाढली.

"पाहुणा आहे," म्हणाली.

तो कोय चोखत होता आणि मी बघत होतो. कुणाला हे क्षुल्लक वाटेल. ज्याची कोय गेली त्यालाच कळतं.

११ फेब्रुवारी, शनिवार

मोठा इंटरकूलर बसला. पुढच्या जाळीतून त्याची चांदी दिसते. टर्बोला आता थंड हवा मिळते आणि गाडी अशी सुटते की पाठ सीटला चिकटते. मी खुशीत होतो. कर्टिस हात पुसत म्हणाला, "ईस्टरच्या सोमवारी वॉलरफील्डला शर्यत आहे. चार दारांच्या गाड्यांचा वेगळा गट आहे. माझ्या गॅरेजच्या नावाने ही उतरवू या."

वीस वर्षं मी त्या कुंपणाबाहेरून शर्यती बघतोय. हसू लपवत मी विचारलं, "आणि चालवणार कोण?"

तो माझ्याकडे बघतच नव्हता, बरोबर आलेल्या रुकमिनकडे बघत होता. "कोण म्हणजे? मिस रुकमिन."

"गाडी माझी आहे."

"तुझीच आहे, बाबा. कुणी पळवून नेत नाहीये. ती फक्त चालवेल."

"मी मागितलं का कुणाकडे काही?" रुकमिन म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते, आणि तिने नाही असं काही म्हटलं नाही. लग्नात पंडितजींनी विचारलं तेव्हा ती अशीच गप्प राहिली होती, आणि त्याचा अर्थ हो होता.

घरी येताना मी रेडिओ मोठा केला. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, ब्लडप्रेशर.

२० फेब्रुवारी, सोमवार

खूप विचार केला. कर्टिसचा डोळा आहे. गाडीवर आहे की बायकोवर, ते सांगता येत नाही; बहुधा दोन्हीवर. आमच्याकडे असल्या वाईट नजरेला माल्जो म्हणतात आणि तिच्यावर उपाय आहे निळीचा. लहान मुलाला लावतात, गायीला लावतात, पपईला बांधतात. मग गाडीने काय पाप केलंय?

रुकमिन बाजारात गेली तेव्हा मी कपड्यांना लावायच्या निळीचा खडा घेतला, लसणाची पाकळी आणि हिंग घेतला, आणि तिच्या चिंध्यांच्या टोपलीतून पिवळ्या साटीनचा तुकडा काढून पुरचुंडी बांधली. आता बांधायची कुठे? आरशाला टांगली तर कर्टिस हसेल. मग सुचलं. नजर आत शिरते ती श्वासातून, आणि इंजिन श्वास घेतं ते एअर फिल्टरच्या डब्यातून. फिल्टर बदलायचाच होता. डबा उघडला, पुरचुंडी आतल्या बाजूला, इंजिनाकडच्या तोंडाशी तारेने बांधली आणि झाकण लावलं. कुणाला दिसणार नाही, कुणाला कळणार नाही. स्वतःच्या हुशारीवर मी स्वतःच खूश झालो.

२६ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून कार्निव्हल. रस्ते भरलेत. पण लिहायचं ते वेगळंच.

गाडी अडखळतेय. हळू चालवली तर ठीक, पाय दाबला की खोकते, ढेकर देते, मागे ओढते. चगुआनासच्या चढावर एका भाजीच्या टेम्पोने मला मागे टाकलं. वर टेम्पोवाल्याने हात हलवला.

बघा. मी म्हटलं नव्हतं? नजर लागलीच. पुरचुंडी ठेवली नसती तर काय झालं असतं, देव जाणे.

५ मार्च, रविवार

प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. टाकीत महागातलं पेट्रोल भरलं. काही फरक नाही. उलट वाढलं. कर्टिस रोज फोन करतोय, "घेऊन ये, बघू." मी म्हटलं, मी बघतो. चोराच्या हाती किल्ली कोण देईल?

"गाडीला श्वास लागलाय," रुकमिन म्हणाली. "हवा नीट आत जात नाहीये."

मी म्हटलं, कारखान्यात मी दिवसभर सेन्सर साफ करतो, यंत्रं काय असतात ते मला शिकवू नकोस. ती मशीनवर बसली आणि इतक्या जोरात शिवायला लागली की सुई मोडली.

शेवटी टँटी सोमारीला आणलं. गल्लीच्या टोकाला राहते, सगळ्यांचीच टँटी म्हणजे मावशी, साऱ्या गावाची नजर तीच झारते, उतरवते. तिने हिराच्या झाडूतल्या पाच काड्या काढल्या, बोटाने मापल्या, मंत्र पुटपुटत बॉनेटवरून डिकीपर्यंत उतरवल्या आणि परत मापल्या. एक काडी बोटभर वाढली होती.

"जबर आहे," ती म्हणाली.

"बाहेरच्याची ना, टँटी?"

"बाहेरच्याची नाही, बेटा. तुझ्या घरी जेवणाऱ्याची. आणि माणूस वाईट नाही हं. फार आवडतं आणि दुसऱ्याच्या हाती बघवत नाही, अशाची नजर फार लागते."

काय अचूक बोलली! घरी जेवणारा. माझ्या डोळ्यांपुढे ती कोय आली. "मग उपाय?"

"उपाय त्याच्याच हातात आहे. त्याने डोळे मिटायचे आणि मनापासून म्हणायचं, घे, तुझंच आहे. बस." जाताना तिने माझ्या डोक्यावर हात फिरवला, म्हणाली, "तू जेवतोस ना नीट?" म्हातारी आहे, विषय भरकटतो.

आता कर्टिसला मी डोळे मिटायला कसं सांगू? त्यापेक्षा निळीच्या मोठ्या खड्याची दुसरी पुरचुंडी बांधून घातली.

१२ मार्च, रविवार

आज फगवा, होळीचे रंग. मैदानात चौतालची गाणी चालू होती, ढोलक, झांजा. मी पांढरे कपडे घालून कोपऱ्यात उभा होतो. कर्टिस येणार नाही असं वाटलं होतं, कारण मी त्याचा फोन घेत नाही. तर तो आला, आणि नुसता आला नाही, लाल अबीराच्या पाण्याची बाटली घेऊन आला. मला आपादमस्तक भिजवलं. मग रुकमिनने त्याच्या टकलावर गुलाल ओतला आणि ती हसली. अशी हसताना मी तिला कधी पाहिलं होतं, आठवेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "चल घरी, गाडीला ऊन लागतंय."

गाडीला ऊन लागतंय! हे माझ्याच तोंडून निघालं. लोक हसले. ती हसायची थांबली.

परत येताना गाडी तीनदा बंद पडली. शेवटी तिला गल्लीत ढकलत आणलं, मी मागून आणि रुकमिन दरवाज्याला धरून. ती एवढंच बोलली. "हॅरी, शर्यत नको असेल तर नको म्हण. गाडीला का मारतोस?"

मी? मी मारतोय? जीव टाकतोय मी गाडीसाठी.

२६ मार्च, रविवार

सगळं सरळ लिहितो.

सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर कर्टिस अंगणात. रुकमिनने बोलावलं होतं. बॉनेट उघडं होतं आणि त्याच्या हातात एअर फिल्टरचं झाकण. मी धावलो, पण उशीर झाला होता.

डब्याच्या आत सगळं निळं. खडे फुटून त्यांची पूड झाली होती, नळीत नीळ, सेन्सरवर निळा थर. पिवळी फडकी मळून लोंबत होती, एकाची तार सुटत आली होती.

कर्टिसने ते दोन बोटांनी उचललं. "हे काय? इंजिन कपडे धुतंय का?" आधी त्याला हसू आलं, मग राग. "हवा मोजायच्या सेन्सरवर नीळ! त्याला कळणारच नाही हवा किती येतेय. आणि अजून थोड्या दिवसांनी ही चिंधी टर्बोने गिळली असती. मग बसा रडत. कुणाचं डोकं हे?"

मी टॉवेलने केस पुसत राहिलो. कारखान्यात मी सेन्सरवाला म्हणून ओळखला जातो. वीस वर्षं धूळ पुसतोय सेन्सरवरची.

रुकमिन पुढे आली. तिने फडकं हातात घेतलं, उलटलं, गाठ बघितली. ते साटीन तिने कुणाच्या लेहेंग्याला लावलं होतं हे तिला ठाऊक, आणि अशी दुहेरी गाठ घरात कोण मारतं तेही. तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"मी ठेवलं," ती म्हणाली. "नजर लागू नये म्हणून."

"तुम्ही?" कर्टिस म्हणाला. "मिस रुकमिन, तुम्ही?"

"बायकांचं डोकं," ती म्हणाली आणि आत गेली.

कर्टिसने सेन्सरवर फवारा मारला, नळी पुसली, डबा धुतला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि वाघासारखी गुरगुरली. तो एकदाही हसला नाही. जाताना म्हणाला, "मला वाटलं होतं तिला यंत्र कळतं."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. ती खोटं का बोलली असेल? त्याच्यापुढे माझी लाज राखायला? की तो हसेल या भीतीने? तिला त्याची एवढी पर्वा का? काही समजत नाही.

२ एप्रिल, रविवार

कर्टिसने कळवलं. वॉलरफील्डला गाडी मी चालवायची. "ज्या माणसाने इंजिनात नीळ घातली त्याच्या हाती मी माझ्या गॅरेजचं नाव देऊ शकत नाही, हॅरी. वाईट वाटून घेऊ नका दोघं."

जे हवं होतं ते मिळालं. रुकमिनला सांगितलं. "छान," म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

आनंद झालाय. होणारच ना.

९ एप्रिल, रविवार

सराव केला, कर्टिस शेजारी. त्याचं तोंड बंद नव्हतं. "गिअर बदलतोस की ताशा वाजवतोस?" "क्लच आहे तो, झुरळ नाही, मारू नकोस." तिसऱ्या गिअरला गाडीने असे दात खाल्ले की रस्त्याकडेच्या गायीने मान वर केली. ज्या रस्त्यावर रुकमिनने चालवली होती तोच रस्ता. त्याने तुलना केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

आणि एक कळलं. जपानात नोकरी करून आलेल्या एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं की ती गोड आवाजाची बाई रोज सकाळी काय म्हणते. टोलचं कार्ड घातलेलं नाही, असं म्हणते. तीन महिने मी तिला मान डोलावत होतो.

रुकमिनला हे सांगायला धावत घरी आलो, ती किती हसेल म्हणून. ती फक्त म्हणाली, "जेवून घे."

१४ एप्रिल, गुड फ्रायडे

नेहमीप्रमाणे सिपारियाच्या चर्चमधल्या, हिंदू-ख्रिस्ती सगळ्यांच्याच माईच्या दर्शनाला गेलो. रुकमिनने तेल वाहिलं. काय मागितलं ते सांगितलं नाही. पूर्वी सांगायची.

येताना गल्लीच्या तोंडाशी बोबोली बसवला होता. दरवर्षी बसवतात, कापूस कोंबलेला जुडासचा पुतळा, दगाबाज म्हणून गळ्यात पाटी, येणाराजाणारा त्याला काठीने बडवतो. मला बघून पोरं ओरडली, "अंकल हॅरी, एक हाणा!" मी काठी घेतली, उगारली, आणि बघितलं तर त्याच्या अंगात माझा शर्ट. कारखान्याचा जुना निळसर शर्ट, खिशावर माझं नाव. रुकमिनने जुने कपडे वाटले त्यात गेला असणार.

"मारा ना!"

मला मारवेना. रुकमिन बाजूला उभी होती. "दुसऱ्याला द्या रे काठी," पोरांना म्हणाली, "अंकलचे खांदे दुखतात." परत एकदा सांभाळून घेतलं. आणि मला त्या क्षणी तिचाच राग आला. इतकं चांगलं का वागावं माणसाने?

१७ एप्रिल, सोमवार

कर्टिस आत्ताच जेवून गेला. कैरीची कोय आज मी माझ्या हाताने त्याच्या ताटात टाकली. तो म्हणाला, काय झालं काय तुला? झालं ते असं.

वॉलरफील्ड सकाळपासून पेटलं होतं. अमेरिकनांची महायुद्धातली जुनी विमानांची धावपट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, डिक्यांमधून पेलाव-भाताची भांडी, गाण्यांचा धुडगूस, जळक्या रबराचा वास. माझ्या गाडीच्या दारावर कर्टिसच्या गॅरेजचं नाव रंगवलेलं. त्याने माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, पाठ थोपटली. मी आत बसलो. बाईने कार्डाची आठवण करून दिली.

आमच्या पुढे तीन गाड्या होत्या. मी आरशात बघितलं. रुकमिन मागे तिरपालाखाली बर्फाच्या पेटीवर बसली होती, हात मांडीवर, चेहरा अगदी शांत. पण पाय शांत नव्हते. रेषेवरून गाडी सुटली की तिचा उजवा पाय गवतात हळूच दबे. गाडीने गिअर बदलला की डावा दबे, उजवा वर येई. तिला त्याचा पत्ता नव्हता. दुसरी गाडी गेली, पुन्हा तेच. त्या गाडीच्या ड्रायव्हरने गिअरला उशीर केला तर तिने चेहरा असा केला जसा मी कोय गेल्यावर केला असेल.

माझ्या पोटात जे दुखत होतं ते काही नवं नव्हतं. जानेवारीपासून दुखतंय. फक्त आज कर्टिस तिच्याजवळ नव्हता, कुणीच नव्हतं. ती होती आणि तिचे पाय होते, आणि दुखणारा मी होतो. घरी जेवणारा.

मी दार उघडून उतरलो.

"कुठे चाललास? आता आपली पाळी!" कर्टिस ओरडला.

मी तिच्यापुढे जाऊन गुडघ्यावर बसलो. तिचा उजवा बूट काढला. खिशात निळीचा खडा होता. आज गाडीत ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, पण खिशात मात्र ठेवला होता. थुंकी लावून तो बोटावर घासला आणि तिच्या तळपायाला तीट लावली, बाळाला लावतात तशी.

"हॅरी! लोक बघतायत," ती म्हणाली.

"म्हणूनच लावतोय."

कर्टिस आला, खाली वाकला. त्याने माझं निळं बोट बघितलं, खडा बघितला, मग मला बघितलं. दोन्ही हात डोक्याला लावून तिथेच उकिडवा बसला. "अरे सेन्सरवाल्या," म्हणाला, "तो गाढव तू होतास?"

"मी," म्हटलं. "हिने नाही."

रुकमिन बूट घालत होती. बंद बांधायला तिला फार वेळ लागला, मान वर करत नव्हती. मग उठली, माझ्या डोक्यावरचं हेल्मेट उतरवून घेतलं, केस आत कोंबले आणि जाऊन स्टिअरिंगवर बसली. काच खाली करून म्हणाली, "रेडिओचं स्टेशन मी बदलणार आहे." एवढंच.

ती रेषेवर गेली. शर्यत सुटण्याचे दिवे लागायला लागले. सगळं वॉलरफील्ड तिच्याकडे बघत होतं, आणि मला टँटी सोमारी आठवली. मी डोळे मिटले. घट्ट मिटले. मनात म्हटलं, घे. तुझंच आहे.

म्हणणं सोपं नव्हतं, दोनदा म्हणावं लागलं.

ती सुटली. पहिला गिअर. दुसरा. मध्ये केसाएवढीही फट नाही. तिसरा, एकदाही दात खाल्ले नाहीत. कर्टिस माझा दंड पिळत ओरडत होता, "डोळे उघड, मूर्खा! बघ, बघ तिला!" मी उघडले नाहीत. लोकांचा आरडाओरडा उठला, गाडीचा आवाज लांब गेला आणि मऊ होत थांबला, तेव्हा उघडले.

"पाहिलंस का?" कर्टिसने विचारलं. त्याचे डोळे ओले होते.

"ऐकलं," मी म्हटलं.